थोरल्या सासऱ्यांची तिथी

कोळंबीचं कालवण कुणी पातेल्यासकट बर्फात फेकून देऊ शकतं, हे मला कॅनडात आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कळलं. नवऱ्याने कुठून तरी फ्रोझन कोळंबीची पिशवी पैदा केली होती. मी मालवणची. बटाटे आणि पाव खाऊन जीव नुसता कावला होता. सुकं खोबरं भिजवून वाटलं, माहेरची आमसुलं टाकली, वास सुटला, आणि खालून जिन्यावर दणदण पावलं वाजली. दार न ठोठावता घरमालकीणबाई आत आल्या, पातेल्यात डोकावल्या, पदराने त्याच्या कडा धरल्या आणि मागचं दार उघडून सगळं कालवण, आत बुडालेल्या डावासकट, खालच्या बर्फाच्या ढिगात भिरकावून दिलं. मी तोंड उघडं टाकून उभी. असा धक्का मला सासरी पहिल्या दिवशीही बसला नव्हता.

"या घरात कोळंबी नाही, खेकडा नाही, तिसऱ्या नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्याला खवलं नाही तो आमच्यात चालत नाही. खवल्याचा मासा आण, मी स्वतः कापून देईन. आणि हात दे बघू."

मी भीतभीत हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजले आणि म्हणाल्या, "रागावलीस. बरं आहे, प्रकृती ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात नवंकोरं पातेलं होतं आणि त्यात गरम गरम बिरडं. नारळाच्या रसातलं. मी राग धरून ठेवायचं ठरवलं होतं, पण पहिल्या घासालाच तो गेला.

बाई बेने इस्रायल. अलिबागकडच्या. कोकणातले हे ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून आसपासचे लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बाई ते नाव मिशी असती तर पीळ देऊन सांगितलं असतं अशा थाटात सांगत. मुंबईत नर्सिंग शिकल्या, पुढे इंग्लंडला गेल्या, तिथून टोरंटोला. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या आणि एका वृद्धाश्रमात काम करत. थंडीत अंगात मेलेल्या नवऱ्याचा जाड पार्का, खाली पाचवारी, पायात गमबूट, असा अवतार करून स्वतः ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायच्या. माझा नवरा मदतीला गेला तर म्हणायच्या, "तू आधी गाडीला विंटर टायर्स घाल. हातपाय मोडून माझ्याकडेच येशील."

कुणीही भेटलं की नाडी बघायची, ही त्यांची सवय. पोस्टमनची बघत, बँकेतल्या मुलीची बघत. दुसरी सवय याहून वाईट. त्या काळी आम्हा लोकांना बसमध्ये, दुकानात, लिफ्टमध्ये जो तो विचारायचा, "व्हेअर आर यू फ्रॉम?" बाईंनी तो प्रश्न उलटा फिरवला होता. त्या गोऱ्या माणसांना विचारत.

"व्हेअर आर युवर पीपल फ्रॉम?"

"स्कारबरो, मॅम," बस ड्रायव्हर म्हणायचा.

"त्याच्या आधी?"

"म्हणजे... माझे आजोबा हॅमिल्टनचे होते."

"आणि त्याच्या आधी?"

ड्रायव्हर गडबडायचा. बसमधले लोक खिडकीबाहेर बघायला लागायचे. मी लाजेने अर्धमेली. बाई मात्र विजयी चेहऱ्याने माझ्याकडे वळून मराठीत म्हणायच्या, "बघ. यांनाही ठाऊक नाही. नि विचारतात आपल्याला."

सकाळी चहाबरोबर त्या पेपरातल्या मृत्यूच्या बातम्या मोठ्याने वाचत, त्यावर शेरे मारत. "ही बघ, सहा मुलं, एकोणीस नातवंडं, चर्चमध्ये पियानो वाजवायची. सगळं लिहिलंय मेल्यांनी. ती मुळात कुठली ते कुणी लिहिलं नाही." मग पेपराची घडी घालून, एखाद्या पेशंटचं पांघरूण सारखं करावं तशी ती टेबलावर नीट ठेवायच्या.

हे वेड त्यांना लागलं नवऱ्यामुळे. नवरा गोरा, इथलाच. टोरंटोच्या पश्चिमेला गाडीने दोन तासांवर त्यांच्या घराण्याची शेती. पाय मोडून हॉस्पिटलात पडला होता, बाईंनी नाडी धरली, ती सोडलीच नाही. बाईंच्या घरच्यांनी त्यांच्या नावाने आंघोळ केली आणि त्याच्या घरच्यांनी लग्नाला यायचंच टाळलं. मूलबाळ झालं नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा तो जाऊन काही वर्षं झाली होती. दिवाणखान्यात त्याचा फोटो होता, मोठे कान, हसरा चेहरा. बाई त्याचा उल्लेख 'आमचा माणूस' असा करत.

या माणसाच्या घराण्यात एक खंत पिढीजात चालत आली होती. त्यांचा पहिला पुरुष, पणजोबांचा बाप का आजा, जंगल होतं तेव्हा इंग्लंडहून इथे आला. चाकं करणारा सुतार. झाडं तोडली, जमीन केली, वंश वाढवला आणि मेला. पण आपण कुठल्या गावचे ते कुणाला सांगितलं नाही. त्याच्या फुटक्या थडग्यावर नाव होतं, मेल्याचं साल होतं, वय होतं आणि 'डेव्हनचा' एवढंच. डेव्हन म्हणजे इंग्लंडातला एक मोठा परगणा, गावागावाला चर्च, चर्चाचर्चात बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची वही. बापाने शोधलं, मुलाने शोधलं, सापडलं नाही. मरताना आमचा माणूस बाईंना म्हणाला, "तू शोध. तू चिकट आहेस."

"आणि मी हो म्हटलं गो," बाई सांगत. "आमची मूळ सात जोडपी गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागली. तिथून आम्ही. पण त्या साती पुरुषांची नावं नाहीत, साती बायकांची नाहीत. काय होतं ते समुद्राने नेलं. माझ्या माहेरचं कुणी सापडायचं नाही आता. सासरचा एक तरी नावागावाने सापडू दे."

एवढ्यावर भागलं असतं तर मी त्यांना नुसतं वेडं म्हणून सोडून दिलं असतं. पण यात बाईंची स्वतःची एक गोष्ट अडकली होती. नवरा घराण्याच्या दफनभूमीत पुरला होता. गावाबाहेर, मेपलच्या झाडांखाली, तारेचं कुंपण, लोखंडी गेट. त्याच्या शेजारी एक जागा रिकामी होती आणि बाईंना ती हवी होती. जागेची मालकी मोठ्या नणंदेची. तिने लग्न केलं नव्हतं. शेतावरच्या घरात एकटी राही, चर्चची फुलं तिच्याकडे आणि घराण्याचा मान तिच्याकडे. अंत्यविधीच्या दिवशीच तिने बाईंना सांगून टाकलं होतं, "ही जागा फॅमिलीसाठी आहे."

"मग मी कोण?" बाईंनी विचारलं होतं.

नणंद म्हणाली होती, "ते मी कसं सांगू?"

पुढे केव्हातरी, बाईंनी भावाचं काम हाती घेतलंय हे कळल्यावर, ती फोनवर म्हणाली, "आमचा पहिला माणूस शोधून दाखवा. मग जागेचं बघू." चेष्टेत म्हणाली असेल. बाईंनी चेष्टा वगैरे काही ऐकली नाही. त्यांनी एलियाहू हन्नाबीला नवस केला: थोरले सासरे सापडले तर मलिदा करीन. एका ख्रिस्ती सुताराचा बाप्तिस्मा सापडावा म्हणून ज्यू प्रेषिताला पोह्यांचा नवस! मी हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवताना हसून हसून ठसकला.

"अहो, पण तुमचे लोक काय म्हणतील? तुम्ही तिथे, त्यांच्यात, कायमच्या...?" मी एकदा बाईंना विचारलं.

"मी जन्मभर शनिवार पाळला," त्या म्हणाल्या. "मेल्यावर नवऱ्याशेजारी पडले तर देवाला अडचण नाही. माणसांना असेल. माणसांची नाडी मी बघितलेली आहे."

शोधायची जागा म्हणजे एका चर्चचं तळघर. तिथे मायक्रोफिल्म वाचायचं मशीन होतं. इंग्लंडातल्या गावोगावच्या वह्यांचे फोटो रिळांवर घेतलेले. हवं ते रीळ मागवायचं, ते काही आठवड्यांनी येई, मग मशीनमध्ये घालून चाक फिरवत पडद्यावर वाचायचं. एक गाव संपलं की पुढचं. बाई डबा घेऊन जात. गावच्या पाद्र्याला त्या 'भटजी' म्हणत आणि त्याच्या अक्षरावरून त्याची प्रकृती ओळखत. "हा भटजी संधिवाताचा. हा पितो. हा बघ, हिवाळ्यात याची शाई थिजते, नि हा शिव्या देत लिहितो." एका गावच्या भटजीवर त्यांचा विशेष जीव होता, कारण तो बापाचा धंदाही लिहून ठेवी.

त्याच्याच वहीत थोरले सापडले.

नाव तेच, आडनाव तेच. थडग्यावरच्या वयाशी साल जुळत होतं. आणि बाप: चाकं करणारा सुतार. बाई त्या दिवशी घरी आल्या त्या थेट आमच्या मजल्यावर. पार्का काढला नाही, गमबूट काढले नाहीत, माझ्या स्वच्छ पुसलेल्या फरशीवर चिखल करत उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं मनगट माझ्यापुढे केलं. "बघ," म्हणाल्या. मला नाडी कुठे कळते? पण ती उडत होती.

मलिदा झाला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर केळी, सफरचंदं, खजूर. टोरंटोतली चार-पाच बेने इस्रायली कुटुंबं आली, पुरुषांनी हिब्रूत प्रार्थना म्हटल्या, बायका मराठीत एकमेकींच्या साड्यांची चौकशी करत होत्या. आणि या सगळ्यात, सोफ्याच्या टोकावर, हॅट घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून नणंद बसली होती. बाईंनी बोलावलं आणि ती चक्क आली होती. उंच, कोरडी, पाठीत काठी घातल्यासारखी ताठ. मी तिला पोह्यांची बशी दिली. तिने काटा मागितला. एक घास खाल्ला, बराच वेळ चावला, मग सगळी बशी संपवली आणि कुणाला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या भावाला हे आवडलं असतं."

"त्याला फार आवडायचं," बाई म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, सुटला प्रश्न.

सुटलाच होता. नणंदेने जागा बाईंच्या नावे करून दिली. जुनं फुटकं थडगं काढून घराण्याचा नवा ग्रॅनाइटचा दगड करायला टाकला. सगळ्यात वर पहिला पुरुष, त्याचं नाव, त्याखाली डेव्हनमधल्या त्या गावाचं नाव, आणि पुढे पिढीवार सगळे. ऑक्टोबरातल्या एका रविवारी दगडावरची चादर काढायचं ठरलं. ओकव्हिलहून, मॉन्ट्रियलहून नातेवाईक येणार होते. चादर बाईंनी काढायची, असा नणंदेचा हुकूम.

दुसरं कुणी असतं तर इथे थांबलं असतं. आमच्या माणसाचा बाप थांबला असता, आमचा माणूस थांबला असता. या लोकांना जन्म हवा होता, गाव हवं होतं, ते मिळालं. बाईंना मात्र चैन पडेना.

"थोरल्यांच्या आईबापाचा दिवस कधी?" त्या एका संध्याकाळी मला म्हणाल्या.

"कसला दिवस?"

"मेले तो दिवस, गो. दिवा नको लावायला? माझे सासूसासरे ना ते?"

मला ते लगेच पटलं. आमच्याकडेही तिथी माहीत नसेल तर सर्वपित्रीला उरकतात, पण ते उरकणंच. माणूस ओळखीचा झाला की त्याची तिथी हवी. मीच म्हटलं, "मग दफनाची वही मागवा ना." बाईंनी ती आधीच मागवली होती.

रीळ आलं ते दगडाच्या समारंभाआधीच्या शुक्रवारी. बाईंच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता, म्हणून मला बरोबर नेलं. तळघरात हीटरचा वास, मशीनचा पंखा घरघरतोय, शेजारी बाई हातात रुमाल घेऊन बसलेल्या. मी चाक फिरवत होते, त्या सांगत होत्या, "पुढे. अजून पुढे. बाप्तिस्म्याच्या सालापासून बघ, सोडू नकोस." मला फार पुढे जावंच लागलं नाही. बाप्तिस्म्यानंतर दोन-तीनच आठवड्यांनी आई सापडली. सुताराची बायको, नाव बरोबर.

"बाळंतपणात गेली," बाई म्हणाल्या. "अरेरे. तारीख लिहून घे."

मी तारीख लिहून घेतली आणि पडद्याकडे बघितलं. आईच्या खालच्याच ओळीत, त्याच आठवड्यात, त्याच सुताराचं आणखी एक नाव होतं. थोरल्यांचं. पुढे भटजीने लिहिलं होतं: तान्हं.

ते बाळ मेलं होतं. महिन्याचंसुद्धा झालं नव्हतं. ज्याने जंगल तोडलं, ज्याच्या नावाचा दगड ट्रकवर चढून गेला होता, ज्याच्यासाठी आम्ही मलिदा खाल्ला, तो डेव्हनच्या त्या गावात आईपाठोपाठ मातीत गेला होता. मग इथे आलेला कोण? त्याच नावाचा कुणी दुसराच. कुठला, देव जाणे.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. बाईंनी हात पुढे करून पडद्यावर त्या ओळीवर बोट ठेवलं, आजारी माणसाचं कपाळ बघतात तसं. मग मशीन बंद केलं, रीळ काढलं, डबीत घातलं. बाहेर येऊन शनिवारच्या शब्बाथसाठी पाव घेतला. घरी सूर्य मावळायच्या आत त्यांनी शुक्रवारचे दिवे लावले, आणि त्यांच्या शेजारी काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर तेल घालून आणखी दोन वाती लावल्या. एक सुताराच्या बायकोची. दुसरी त्या बाळाची.

शनिवारी त्या फोनला हात लावत नसत, कामाचं बोलत नसत. मी सारखी खाली जाऊन बघत होते. शेवटी न राहवून म्हटलं, "बाई, उद्या काही बोलू नका. समारंभ होऊन जाऊ दे. जागा तुमच्या नावावर झाली आहे."

"आज नाही," त्या म्हणाल्या आणि मला चहा दिला, कालच करून थर्मासमध्ये भरून ठेवलेला.

रविवारी माझ्या नवऱ्याने आम्हाला गाडीतून नेलं. हायवेच्या दोन्ही बाजूंना मेपल लाल झालेले. दफनभूमीत पंचवीस-तीस माणसं, घडीची टेबलं, अंड्याचे सँडविच, कॉफी, सूट घातलेले म्हातारे. दगडावर पांढरी चादर. बाई गाडीतून उतरल्या त्या सरळ नणंदेकडे गेल्या. माझं कोपर त्यांनी धरून ठेवलं होतं, त्यामुळे मलाही जावं लागलं. नणंदेला त्यांनी एका झाडाखाली घेतलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं, डॉक्टरला रिपोर्ट देतात तसं.

नणंदेचा चेहरा हलला नाही. फक्त ओठ पांढरे झाले.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला आणि हिला."

"मग ते तिथेच राहू द्या."

"नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला माझ्या भावाशेजारची जागा हवी आहे ना?"

"हवी. फार हवी."

"जागा मी दिली, ती मी परत घेऊ शकते," नणंद म्हणाली. ती धमकी होती. पण आवाज असा होता, जणू विनवत होती. मग ती वळून लोकांकडे गेली.

पाद्र्याने प्रार्थना म्हटली. नणंद दोन शब्द बोलली: आपण कुठून आलो हे आता आपल्याला ठाऊक आहे, वगैरे. मग बाईंना खूण केली. मी मनातल्या मनात गणपतीला साकडं घातलं की बाईंना गप्प राहण्याची बुद्धी दे. बाई पुढे गेल्या, चादर ओढली, ती नीट चौघडी केली, हातावर घेतली आणि नर्सच्या त्या तुटक इंग्लिशमध्ये म्हणाल्या:

"वरचं नाव चुकलं आहे. हा तुमचा माणूस नाही. धिस वन डाइड. स्मॉल बेबी. आई गेली, मग तो गेला. चूक माझी आहे, मी अर्धंच वाचलं होतं. तुमचा माणूस कुठला, आय डोन्ट नो. मी शोधते आहे."

कुणाच्या तरी हातातून कप पडला. एक म्हातारे काका एकदम हसले आणि बायकोने चिमटा काढल्यावर थांबले. पाद्री स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. आणि नणंद, ती ताठ बाई, दगडाला हात टेकून उभी होती. मला तिची दया आली, हे मी इथे स्पष्टच लिहिते. सगळ्या गावादेखत तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती.

मग ती बाईंजवळ आली आणि हळू म्हणाली, "या गेटातून पुन्हा आत येऊ नका."

बाईंनी चादर तिच्या हातात दिली, नवऱ्याच्या जागेकडे एकदा बघितलं आणि गाडीकडे चालू लागल्या.

परतीच्या वाटेवर मी संतापले. भाडेकरू आहे, वयाने लहान आहे, सगळं विसरले. "काय गरज होती?" मी ओरडले. "कुणाचं काय जात होतं? इतकी वर्षं त्या तळघरात डोळे फोडलेत ते याच जागेसाठी ना? मिळाली होती! गप्प बसायचं होतं फक्त!"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. रडत होत्या, हे मला उशिरा दिसलं. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

"गेल्यावर तो पहिलं तेच विचारणार गो," त्या म्हणाल्या. "कुठले आपण? म्हणून विचारणार. त्याच्या शेजारी पडून मी त्याला रोज खोटं सांगू?"



बाई त्या गेटातून पुन्हा कधीच आत गेल्या नाहीत. त्या हट्टी होत्या; जा म्हटलं की जाणार, परत बोलावल्याशिवाय येणार नाहीत. पुढे आम्ही मार्कहॅमला घर घेतलं, तरी दर रविवारी त्यांच्याकडे जायचो. रिळं मागवणं त्यांनी चालूच ठेवलं. ऑपरेशननंतर डोळे सुधारले होते. डेव्हन संपवून शेजारच्या परगण्यात शिरल्या. थोरले सापडले नाहीत. एका मार्चमध्ये त्या झोपेतच गेल्या. त्यांच्या समाजाच्या लोकांनी टोरंटोच्या ज्यू दफनभूमीत रीतीप्रमाणे सगळं केलं. मी मूठभर माती टाकली आणि घरी आले.

उन्हाळ्यात मी नवऱ्याला म्हटलं, त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं. वेडेपणाच, पण बाईंच्या संगतीत राहून थोडा लागलाच होता. आम्ही गेलो. गेट उघडंच होतं. एक माणूस मशीनने गवत कापत होता. मी दगडाजवळ गेले आणि उभ्या जागी थिजले.

सगळ्यात वर पहिल्या पुरुषाचं नाव होतं. त्याखालची गावाची ओळ नव्हती. ती छिन्नीने पार खरवडून काढली होती. तिथला ग्रॅनाइट खडबडीत, फिकट. खाली पिढीवार नावं. शेवटी आमचा माणूस. आणि त्याच्या खाली, त्याच अक्षरांत, बाई. पूर्ण नाव, त्याची पत्नी, जन्मसाल, आणि गाव: रेवदंडा, इंडिया. मला इतक्या वर्षांत 'अलिबागकडचं' एवढंच ठाऊक होतं. पुढे एक आडवी रेघ आणि मृत्यूच्या सालासाठी सोडलेली कोरी जागा.

गवत कापणारा माणूस मशीन बंद करून आला. म्हणाला, "म्हाताऱ्या मिसने त्या समारंभानंतरच्या वसंतातच कारागीर आणून करून घेतलं ते. मागच्या हिवाळ्यात गेल्या त्या. पलीकडे आहेत, कुंपणाजवळ." मग टोपी मागे सारून त्याने विचारलं, "तुम्ही त्यांच्या वहिनी का? दर ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगला विचारायच्या मला, वहिनी येऊन गेली का म्हणून."

"एक फोन!" मी म्हटलं. मराठीतच, मोठ्याने, त्या परक्या माणसाच्या तोंडावर. "एक फोन करता आला नाही तुम्हाला?"

तो बिचारा गोंधळून माझ्या नवऱ्याकडे बघायला लागला. आमच्या माणसाच्या शेजारी, उजव्या हाताला, गवताचा एक माणूसभर लांबीचा पट्टा तसाच सपाट होता.